फिगर ड्रॉइंगचा रियाज कसा बसवायचा? (नोकरी-घर सांभाळून, पुण्यात)

वळणरेघ

नमस्कार मंडळी,

इथे चित्रकलेवरचे धागे अधूनमधून येतात, पण चर्चा बहुतेक वेळा जलरंगाच्या कागदावर नाहीतर निसर्गचित्रांवर जाते. माणूस काढायला शिकणं, आणि तेही रोजच्या धबडग्यात, यावर सविस्तर बोलणं व्हावं असं बरेच दिवस मनात होतं. मी नारायण पेठेत राहते, नोकरी खराडीला. कला महाविद्यालयात शिकलेले नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली, तेवढंच. गेल्या काही वर्षांत मात्र फिगर ड्रॉइंग अंगवळणी पडलंय. त्यातून जे हाती लागलं ते मांडते. जाणकारांनी भर घालावी, पटलं नाही तर स्पष्ट सांगावं.

रोज किती वेळ द्यायचा हे सगळे आधी विचारतात. मी आधी जागा ठरवायला सांगेन. आमचं घर दोन खोल्यांचं, तरी खिडकीजवळ भिंतीला टेकवून एक ड्रॉइंग बोर्ड कायम उभा असतो. त्याला कागद क्लिपने लावलेला, पेन्सिलींना रात्रीच टोकं काढलेली. सकाळी उठून कपाट उघडायचं, कागद शोधायचा, टेबल रिकामं करायचं असं असेल तर आठवडाभरात उत्साह मावळतो. उभं राहून लगेच रेघ मारता आली पाहिजे.

सकाळची वीस मिनिटं फक्त झटपट पोझ. एक मिनिटाच्या काही, दोन मिनिटांच्या काही, शेवटी एक पाच मिनिटांची. एका मिनिटात नाक-डोळे, बोटं, कपड्यांच्या चुण्या यातलं काही येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही ठेवू नये. मानेच्या खळगीपासून ज्या पायावर भार आहे त्या पायाच्या घोट्यापर्यंत शरीर कसं वळत गेलंय, ते एकदोन लांब रेघांत. मग बरगड्यांचा पिंजरा कुठे कललाय आणि कंबर कुठे, हे दोन कल. गायक पहाटे खर्ज लावतो तसं हे आहे. मैफल त्यात नसते, गळा मात्र त्यानेच तयार होतो.

पण हा धागा काढला तो पुढच्या गोष्टीसाठी. झटपट पोझ कितीही काढल्या तरी एका टप्प्यानंतर हात सवयीने चालू लागतो. डोळा पोझ आणि कागद यांच्यात ये-जा करत राहतो, रेघ उमटते, आणि डोक्यात काहीच राहत नाही. दुसऱ्या दिवशी मनाने एक बसलेला माणूस काढायचा म्हटलं तर काही सुचत नाही. यावर उपाय एकच: आधी नीट बघायचं, मग नजर काढून घ्यायची आणि आठवून काढायचं.

मी संभाजी उद्यान स्थानकावर मेट्रो पकडते, रामवाडीला उतरते, पुढे बस. डब्यात एक माणूस निवडायचा आणि पुढचं स्थानक येईपर्यंत त्याची ठेवण बघायची. एकटक नव्हे, अधूनमधून, समोरच्याला अवघडल्यासारखं होणार नाही इतपत. दारं उघडली की बघणं बंद. मग तळहाताएवढ्या वहीत त्याचं रेखाटन. रात्री जेवणानंतर तीच आकृती बोर्डवर मोठी काढायची, पुन्हा आठवूनच.

एक उदाहरण देते. दाराशी एक गृहस्थ उभे होते. डाव्या हाताने वरची कडी धरलेली, उजव्या खांद्याला लॅपटॉपची जड बॅग, सगळा भार उजव्या पायावर. रात्री काढायला घेतलं तेव्हा मान कुठे झुकली होती ते आलं, बॅगेचा पट्टा सांभाळायला उजवा खांदा किती उचलला होता ते आलं, डावा गुडघा किंचित दुमडलेला तोही आला. डावी बगल मात्र पूर्ण कोरी. हात वर गेल्यावर खांदा कुठे जातो, शर्टाची शिवण कुठून ताणली जाते, काहीच आठवेना. दुसऱ्या दिवशी मेट्रोत मी फक्त वर गेलेले हात बघत होते. आठवणीत जिथे भोक पडतं, तिथे उद्या काय बघायचं ते आपोआप ठरतं. 'आज काय काढू' हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते रियाज टिकतो तो यामुळे.

रविवारी सलग दीड-दोन तास एकच पोझ. घरातलं कुणी बसलं तर उत्तम, नाहीतर मंडई.

तुम्ही कसं करता ते लिहा.

---

पेठकर

वाचनखूण साठवली. फार दिवसांनी कामाचा धागा. 'आठवणीत भोक' हे अगदी पटलं.

---

खडूफळा

वळणरेघ ताई, मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. तुमचं वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्ही जे करताय तोच आपल्या शासकीय रेखाकला परीक्षेतल्या स्मरणचित्राच्या पेपरचा मूळ हेतू होता. वस्तुचित्रात वस्तू समोर असते, स्मरणचित्रात समोर कोरा कागद आणि डोक्यात साठवलेलं जग.

प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बाजाराचं दृश्य, बसथांबा, जत्रा, पावसाळ्याचा दिवस. मुलं चार-पाच आकृत्या घोकून जातात: डोक्यावर टोपली घेतलेली बाई, छत्रीवाला गृहस्थ, फुगेवाला, पाठमोरा मुलगा. विषय कुठलाही असो, तेच चौघे जागा बदलून उभे. मुलांचा त्यात दोष नाही. त्यांना बघायला वेळच दिला जात नाही.

मी वर्गात असं करायचो. एका मुलाला पुढे स्टुलावर बसवायचं. काहीतरी नैसर्गिक करायला सांगायचं, बुटाची नाडी बांध, दप्तरातून पुस्तक काढ. बाकीच्यांनी दोन मिनिटं नुसतं बघायचं, पेन्सिल खाली. मग त्या मुलाला वर्गाबाहेर पाठवायचं आणि काढायला लावायचं. झालं की तो परत येऊन तसाच बसायचा आणि प्रत्येकाने स्वतःचं चित्र स्वतःच ताडून बघायचं. दुरुस्ती मी करत नसे. नाडी बांधताना पाठीची कमान किती होते आणि डोकं गुडघ्याच्या किती जवळ जातं, हे ज्याने एकदा ताडून पाहिलं तो पुन्हा विसरत नाही.

ही पद्धत जुनी आहे. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक चित्र आठवून काढण्याचं शिक्षण पद्धतशीर द्यायचे. सोप्या आकारापासून सुरुवात, मग हळूहळू अवघड, आणि बघणं व काढणं यातलं अंतर वाढवत न्यायचं. शिल्पकार रोदँ हा त्यांचा विद्यार्थी. पुढे त्याच्या मॉडेल्स स्टुडिओत मोकळ्या फिरत असत आणि तो चालत्या शरीराचं रेखाटन कागदाकडे न बघता करत असे. त्याची मुळं कुठे असतील ते कळतं.

एक सूचना. रात्री आठवून काढलेलं चित्र ताडून बघायची सोय मेट्रोतल्या माणसाबाबत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी घरच्या माणसावर हा प्रयोग करा, म्हणजे तुलना करता येईल. तुलना झाली नाही तर आठवणीतल्या चुकाही पक्क्या होतात.

---

वळणरेघ

सर, तुलनेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, मी तो लिहिलाच नव्हता. या रविवारपासून घरी सुरू करते. आई भाजी निवडायला बसते तेव्हा तिची ठेवण फारशी बदलत नाही, तिच्यापासूनच.

---

हिंजवडी_रिटर्न

खूप छान धागा. माझी अडचण वेगळी आहे. कंपनीच्या बसने जातो, सगळे झोपलेले असतात किंवा मोबाइलवर, आणि बस इतकी हलते की रेघ मारणं अशक्य. घरी पोचेपर्यंत साडेआठ. मी वेळ लावून फोटो बदलणाऱ्या साइट्स वापरतो, लाइन ऑफ अ‍ॅक्शन वगैरे. फोटोवरून केलेला सराव कमी दर्जाचा असतो का? इथे मेट्रो-मंडई वाचून आपण मागे पडतोय असं वाटलं.

---

वळणरेघ

अजिबात मागे पडत नाही आहात. माझी सकाळची वीस मिनिटं अशा साइटवरच असतात. सकाळी सहाला मॉडेल कुठून आणणार? टायमर असला की पोझ निवडत बसण्यात वेळ जात नाही, हा त्याचा मोठा फायदा.

फोटोत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जवळून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याकडचा हात किंवा पाय फार मोठा दिसतो आणि मागचा भाग झपाट्याने लहान होतो. मोबाइलच्या फोटोंत हे जास्तच. प्रत्यक्षातही पूर्ण आकृती एका नजरेत मावायची तर तिच्या उंचीच्या साधारण तिप्पट लांब उभं राहावं लागतं. म्हणून घरच्यांचा फोटो काढायचाच असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काढावा. दुसरी गोष्ट अशी की फोटोत भार कुठे आहे ते कळायला वेळ लागतो. समोरचं माणूस सूक्ष्म हलत असतं, श्वास घेत असतं, दमल्यावर पाय बदलतं. त्यामुळे वजन कुठे होतं आणि कुठे गेलं ते दिसतं.

बसबद्दल: बसमध्ये काढूच नका. नुसतं बघा. झोपलेल्या माणसाची मान हा अभ्यासाचा उत्तम विषय आहे. घरी पोचल्यावर जेवणाआधी दहा मिनिटं आठवून काढा. तुमच्याकडे तर बघायला तासभर आहे.

---

हिंजवडी_रिटर्न

हे डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून.

---

सांधा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला. चित्रकला हौशी, पण वर जी डावी बगल कोरी राहिली तिच्याबद्दल मला बोलायलाच हवं, कारण रोज मी हेच बघते.

हात पूर्ण वर नेताना साधारण 180 अंशांचा प्रवास होतो. त्यातले सुमारे 120 अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि उरलेले 60 पाठीवरचं खांद्याचं पातं फिरल्यामुळे. म्हणजे वरची कडी धरलेल्या माणसाचा फक्त हात वर गेलेला नसतो; त्याचं पातं बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं, गळ्याचं हाड बाहेरच्या टोकाला उचललेलं असतं आणि खांद्याचा गोल कानाच्या जवळ गेलेला असतो. नवशिक्यांच्या चित्रात हात वर असतो आणि खांदा मात्र हात खाली असतानाच्या जागी. म्हणून तो हात नंतर चिकटवल्यासारखा दिसतो. आरशासमोर उभं राहा, उजवा हात डाव्या पात्याच्या खालच्या टोकावर ठेवायचा प्रयत्न करा (पोचत नसेल तर घरातल्या कुणाला तरी ठेवायला सांगा) आणि डावा हात हळूहळू वर न्या. पातं बोटांखालून सरकताना कळतं. एकदा हाताला कळलं की डोळ्याला दिसायला लागतं.

अशाच आणखी काही जागा, ज्या कुणाच्याही अंगावर कपड्यांतूनसुद्धा सापडतात. घोट्याची आतली गाठ वर असते आणि बाहेरची खाली. दोन्ही एका पातळीत काढल्या की पाऊल लाकडी दिसतं. पोटरीचा आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा खाली उतरतो. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी जे मणक्याचं टेंगूळ हाताला लागतं, तिथून पाठीची रेघ सुरू करा. आणि एका पायावर भार देऊन उभ्या माणसाचा त्या बाजूचा खुबा वर जातो, खांदा खाली येतो. त्या कुशीला घड्या पडतात आणि दुसरी कूस ताणली जाते. मानेची खळगी बहुधा भाराच्या पायाच्या बरोबर वर येते. तिथून मनातल्या मनात ओळंबा सोडून बघायची सवय लावा. ओळंबा पायावर पडला नाही तर माणूस कशाला तरी टेकलेला असतो, नाहीतर चालत असतो.

सगळी 206 हाडं पाठ करायची काही गरज नाही. आठवड्याला एक सांधा घ्या. आधी स्वतःच्या अंगावर चाचपा, मग रस्त्यावर शोधा.

---

कोरा_कागद

मी फाउंडेशनला (कला महाविद्यालयाच्या पायाभूत वर्गात) आहे. सांधा ताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला, पण एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. सुरुवातीला हाडं-स्नायूंच्या मागे लागलं की चित्र कडक होतं. आमच्या वर्गात जी मुलं आधी अ‍ॅनाटॉमीच्या प्लेट्स (पुस्तकातली हाडं-स्नायूंची चित्रं) कॉपी करत बसली त्यांच्या आकृत्यांत प्रत्येक स्नायू वेगळा दिसतो आणि माणूस कुठेच दिसत नाही. सहा महिने तरी फक्त हालचाल, भार आणि मोठे आकार करावेत असं मला वाटतं.

साहित्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. झटपट पोझसाठी महाग कागद घेऊच नका. न्यूजप्रिंटचे मोठे ताव घ्या, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या दुकानांत मिळतात. महाग कागदावर हात आखडतो. आकार निदान ए३, जमलं तर हाफ इम्पिरियल, म्हणजे 15 बाय 22 इंच. लहान कागदावर मनगटातून रेघ येते आणि ती छोटी-छोटी, केसाळ होते. बोर्ड उभा ठेवून खांद्यातून हात फिरवला की घोट्यापर्यंतची रेघ एका दमात जाते. चारकोलची कांडी आडवी धरून आधी सावलीचा मोठा पट्टा टाकावा, मग टोकाने रेघ. पेन्सिल वापरणार असाल तर 4बी किंवा 6बी, आणि टोक लांब काढा, लिहायला काढतो तसं आखूड नको. खोडरबर पहिले काही महिने लांबच बरा. पुट्टी रबर (कणकेसारखा मळता येणारा) ठेवा, तो काळ्यातून उजेडाच्या जागा उचलायला लागतो.

वर्गात मॉडेल साधारण वीस मिनिटं बसतात आणि मग विश्रांती घेतात. उठण्याआधी पावलांभोवती आणि हात टेकला असेल तिथे खडूने खुणा करून ठेवतात. रविवारच्या लांब पोझला घरीही हे करा. वळणरेघ ताई, तुमच्या आईंना दोन तास सलग बसवू नका.

---

वळणरेघ

नाही रे, ती स्वतःच मध्ये उठून कुकर लावून येते. खुणांचं मात्र करते, आल्यावर गुडघा हमखास दुसरीकडे जातो.

---

सांधा

कोरा_कागद, तुझा मुद्दा प्लेट्स कॉपी करण्याबद्दल आहे आणि तो मला पूर्ण मान्य. मी चाचपायला सांगतेय. भार कुठे आहे हे कळायला खुबा कुठे आहे ते माहीत असावंच लागतं. हालचाल म्हणजे शेवटी सांध्यांचीच हालचाल. पण सहा महिन्यांच्या भानगडीत न पडता दोन्ही एकत्र चालू द्यावं असं मी म्हणेन.

---

कोरा_कागद

चाचपून बघणं मान्य. प्लेट्स नंतर.

---

तुळशीबागेतून

माझं वय साठीच्या पुढे. घरात कुणाला चित्राचं वेड नाही, पण मी काढते. साडीबद्दल लिहावंसं वाटलं, कारण सगळी पुस्तकं आणि साइट्स घट्ट कपड्यांतल्या किंवा विवस्त्र आकृत्यांच्या आहेत आणि मला दिसतात त्या बायका साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये.

साडीची चुणी कुठूनतरी सुटते आणि कुठेतरी अडते. पदर खांद्यावरून सुटतो, तिथून रेघा पंख्यासारख्या पसरतात. निऱ्या कमरेपासून सरळ खाली येतात, पण पाऊल पुढे पडलं की त्या गुडघ्यावर फुटतात आणि तिथे पाय आहे हे कळतं. मांडी घालून बसलेल्या बाईची साडी दोन गुडघ्यांच्या मध्ये झोळीसारखी ताणली जाते. म्हणून मी आधी टेकलेल्या आणि ताणलेल्या जागा शोधते: खांदा, कमर, गुडघा, कोपर. तेवढ्या सापडल्या की मधलं कापड हलक्या रेघेनेही पुरतं. नऊवारीत तर कासोट्यामुळे पायांची ठेवण इतकी स्वच्छ दिसते की अभ्यासाला याहून चांगलं वस्त्र नाही.

दुसरं, बसलेल्या माणसांचं प्रमाण. उभा माणूस साडेसात डोकी (म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या उंचीच्या साडेसातपट), चित्रासाठी आठ धरतात, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडे माणसं खाली बसतात. मांडी घालून बसलेलं माणूस जमिनीपासून माथ्यापर्यंत साधारण चार डोक्यांचं भरतं. उकिडवं बसलं की गुडघे थेट छातीशी येतात आणि मांडी इतकी आखूड दिसते की हात विश्वास ठेवत नाही. मोजूनच काढावं.

खंड पडण्याबद्दल: गौरी-गणपतीत, घरात पाहुणे असताना, बोर्डवर काम होत नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक आकृती काढते. एकच. मोदक वळणाऱ्या जावेचे नुसते हातसुद्धा चालतात. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचा नाही, हा माझा नेम आहे. दुप्पट करायला गेलं की तिसऱ्या दिवशी नको वाटतं.

---

पेठकर

साडीच्या प्रतिसादाला +१००. हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

एक विचारायचं होतं. अनोळखी लोकांची रेखाटनं काढताना कुणी हटकलं तर? मला सारसबागेत एकदा काढायचं होतं पण संकोच वाटला.

---

तुळशीबागेतून

विचारलं तर वही पुढे करावी, लपवू नये. बहुतेक लोक खूश होतात. कुणाला नको असेल तर थांबावं आणि पान त्यांना देऊन टाकावं. लहान मुलांचं काढायचं तर आईवडिलांना आधी विचारावं. आणि चेहरा ओळखू येईल असं चित्र इंटरनेटवर टाकू नये, ते त्यांचं आहे.

---

खडूफळा

यात भर घालतो. तालमीत जायचं असेल तर वस्तादांची परवानगी घेतल्याशिवाय वही बाहेर काढू नये, चपला बाहेर, आणि हौद्याच्या कडेपासून लांब बसावं. जोर मारणाऱ्या मल्लाची पाठ जशी कळते तशी कुठल्याच चित्रावरून कळत नाही. मल्लखांबाचा सराव बघायला मिळाला तर सोडू नका. उलटं लटकलेलं, मांडीने खांबाला धरलेलं शरीर काढताना आपली सगळी घोकंपट्टी गळून पडते, कारण डोकं वर आणि पाय खाली हा आधारच राहत नाही.

ऋतूप्रमाणे पुणं वेगवेगळ्या पोझ पुढे ठेवतं. गणपतीच्या आधी काही आठवडे नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव असतो. ढोल कमरेला बांधला की वजन पुढे येतं आणि तोल सांभाळायला वादक पाठ मागे टाकतो. प्रत्येकाचं मागे टाकणं वेगळं. आषाढीच्या वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. भवानी पेठ, नाना पेठेच्या बाजूला ओट्या-ओट्यांवर वारकरी टेकलेले, पाय चेपत बसलेले, मुटकुळं करून झोपलेले. विसावलेलं शरीर काढणं चालत्या शरीरापेक्षा कठीण, तिथे बसून ते शिकावं. आधी नमस्कार करावा, दोन शब्द बोलावे, मग काढावं.

शिल्पांवरूनही रियाज होतो आणि शिल्प हलत नाही. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये विनायकराव करमरकरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे, 1928 सालचा. घोड्यावर बसलेल्या माणसाची मांडी आणि कणा कसा असतो ते त्यावरून शिकावं. एखाद्या रविवारी लोकलने मळवलीला उतरा. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. खांदे रुंद, अंग भरलेलं, आणि पावलं जमिनीवर खरोखर टेकलेली. सांधा ताई म्हणतात ते खुब्याचं वर जाणं त्रिभंगात, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळून उभ्या असलेल्या कुठल्याही मूर्तीत मिळेल. त्याच्या शेजारी आपला विठोबा काढून बघा. दोन्ही पाय जुळलेले, भार दोन्हींवर सारखा, हात कमरेवर. कुठलाच कल नाही. अशी सरळ उभी आकृती जिवंत दिसेल इतकी नीट काढणं किती अवघड आहे ते कागदावरच कळतं.

गर्दी रचायची असेल तर महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) बघावेत. मिरवणूक असो की लग्नमंडप, त्यांच्या चित्रातल्या मागच्या रांगेतल्या माणसालाही स्वतःची ठेवण असते. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत, एका दिवसात जाऊन येता येतं.

---

हिंजवडी_रिटर्न

अपडेट देतो. बसमध्ये फक्त बघणं आणि घरी येऊन आठवून काढणं सुरू आहे. माझ्या आकृत्यांत मान सगळ्यात आधी सुधारली. झोपलेल्या माणसाचं डोकं खिडकीला टेकतं तेव्हा कानाच्या मागून गळ्याच्या खळगीकडे एक दोरीसारखा स्नायू ताणलेला दिसतो. आधी मी मान म्हणजे दोन समांतर रेघा काढायचो. सांधा ताई, त्याचं नाव काय?

---

सांधा

स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. कानामागच्या हाडापासून छातीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत आणि गळ्याच्या हाडापर्यंत. मान उजवीकडे वळवली की डावा उठून दिसतो. छान पकडलंत.

---

शिसपेन

इतके दिवस नुसता वाचत होतो. प्रगती होतेय की नाही हे कसं ओळखता? मला रोजचं चित्र कालच्यापेक्षा वाईटच वाटतं आणि मग सोडून द्यावंसं वाटतं.

---

वळणरेघ

रोजचं चित्र कालच्याशी ताडू नका, त्यातून काही कळत नाही. मी प्रत्येक कागदावर तारीख टाकते आणि सगळे कागद एका फायलीत सरळ ठेवते, चांगले-वाईट निवडत नाही. महिन्याच्या शेवटी फाइल जमिनीवर पसरते आणि एकच गोष्ट शोधते: कुठली चूक पुन्हा पुन्हा आली? मागच्या महिन्यात माझी डोकी मोठी येत होती, ओळीने. मग या महिन्यात प्रत्येक आकृतीची सुरुवात डोकं सोडून बरगड्यांच्या पिंजऱ्यापासून करतेय आणि डोकं शेवटी बसवतेय. कागद चांगला की वाईट हे ठरवण्यापेक्षा पुढच्या महिन्याचं काम ठरवणं जास्त उपयोगाचं.

आणि शिसपेन, चित्र वाईट वाटायला लागतं ते बहुतेकदा डोळा हाताच्या पुढे गेला म्हणून. ते दिवस सोडू नका. त्या दिवसांत वेळ कमी करा, दहा मिनिटं करा, पण बोर्डसमोर उभे राहा.

---

शिसपेन

मनापासून आभार. आजच्या कागदावर तारीख टाकली.

---

पेठकर

एवढे सगळे पुण्यातलेच आहेत तर एखाद्या रविवारी मंडईत भेटू या का?

---

वळणरेघ

नक्की. येत्या रविवारी सकाळी साडेसात, मंडईत टिळक पुतळ्यापाशी. ओट्यावरच्या विक्रेत्यांची ठेवण बघायला ती वेळ चांगली, गिऱ्हाइकांची फार रेटारेटी नसते. वाट अडेल असं कुणी बसू नये. पहिला अर्धा तास वही बंद ठेवून फक्त फिरायचं आणि बघायचं, मग कठड्यापाशी बसून आठवून काढायचं, आणि शेवटी परत जाऊन ताडायचं. खडूफळा सरांनी वर्गात घ्यायचे तसं घेतलं तर आम्हाला आवडेल.

---

कोरा_कागद

मी येतो, चारकोल जास्तीचा आणतो. डावखुरे कुणी असतील तर कागदाच्या उजव्या बाजूने सुरू करा आणि हाताखाली एक कोरा तुकडा ठेवा, पुसलं जाणार नाही.

---

तुळशीबागेतून

मला खाली बसता येत नाही, घडीचं स्टूल आणेन. माझ्या शेजारी कुणाला बसायचं असेल तर दुसरंही आहे.

---

खडूफळा

जरूर येतो. न्यूजप्रिंटचा एक जुना गठ्ठा माझ्याकडे आहे, तो आणतो. बोर्ड आणि क्लिपा ज्याच्या त्याने आणाव्यात.